ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयला नायट्रस: आपल्याकडच्या उन्हात जमतं का?

जालन्याचा_जॉकी

राम राम मंडळी. गाडी २०१४ ची ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा. आपल्या शेंद्र्याच्या प्लँटमधूनच बाहेर पडलेली. कागदावर १८० पीएस आणि २५० न्यूटन मीटर. इंजिनाला अजून हात लावलेला नाही, रिमॅपसुद्धा (ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं सेटिंग बदलणं) नाही. सर्व्हिस वेळच्या वेळी, तेल खात नाही.

आता नायट्रस, म्हणजे इंजिनात नायट्रस ऑक्साइड गॅस सोडून ताकद वाढवणारं किट, बसवायचं मनात आहे. छोटंच किट, ५० अश्वशक्तीचा जेट (गॅसचं माप ठरवणारं छिद्र). पुण्याचा एक मित्र म्हणतो, टर्बोवर नायट्रस म्हणजे दुधात साखर. खालचा लॅग (कमी आरपीएमला टर्बो भरेपर्यंतचा उशीर) जातो आणि वर थंड हवा मिळते. प्रश्न असे की वेट किट घ्यावं का ड्राय? नोझल इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या) आधी का नंतर? बाटली संभाजीनगरला भरून मिळेल का दरवेळी पुण्याला पळायचं? बजेट दीड लाखाच्या आत. रात्री समृद्धीवर दोनतीनदा बटण दाबून बघायचं, एवढीच हौस.

काळी_माती

समृद्धीवर, रात्री? मालक, आधी टायर बघून घ्या.

संपादक

समृद्धीची वेगमर्यादा ताशी १२० आहे. रस्त्यावर वेग आजमावायचे बेत इथं लिहू नका, पुढचा असा प्रतिसाद उडवला जाईल. तांत्रिक चर्चा चालू द्या.

वाळूजकर

इंजिन राहू द्या, आधी गिअरबॉक्सचं बोलू.

तुमचा सात गिअरचा डीएसजी म्हणजे डीक्यू२००, कोरड्या क्लचचा. त्याची क्षमताच २५० न्यूटन मीटरची. गाडीचा टॉर्क पण २५०, आणि हा योगायोग नाही. नंतर आलेली सुपर्ब १.८ बघा: मॅन्युअलला ३२० न्यूटन मीटर दिले आणि डीएसजीला २५० वर थांबले. इंजिनात दम होता, पेटीत नव्हता.

आता ५० च्या जेटचा हिशेब करा. टर्बोची ताकद आरपीएमबरोबर चढते-उतरते. नायट्रसचं तसं नाही. सोलेनॉइड (विजेवर चालणारा वाल्व) उघडला की दर सेकंदाला ठरलेला माल आत जातो, इंजिन २५०० ला फिरत असो नाहीतर ५५०० ला. म्हणजे ५० घोडे कुठंही तेवढेच. पण टॉर्क काढायला घोड्यांना ७१२१ ने गुणून आरपीएमने भागायचं असतं. ५५०० ला जादा टॉर्क येतो ६५ न्यूटन मीटर. ३००० ला ११९. आणि २५०० ला १४२! तुमचं इंजिन १२५० पासूनच पूर्ण २५० देतं. म्हणजे २५०० ला बटण दाबलं तर बेरीज ३९० च्या वर गेली. पेटीची क्षमता २५०.

मित्र 'खालचा लॅग जातो' म्हणतो ना, तो नेमका हाच भाग. लॅग मारायला नायट्रस खाली सोडायचं, आणि खाली सोडलं की क्लच तरी घसरतो, नाहीतर कनेक्टिंग रॉड तरी वाकतो.

जालन्याचा_जॉकी

वाळूजकर, हे गणित कुणीच सांगितलं नव्हतं. पण मग विंडो स्विच असतो म्हणतात? ठरावीक आरपीएमच्या बाहेर नायट्रस बंद ठेवणारा?

वाळूजकर

असतो, आणि तो नसलेलं किट घेऊच नका. ४००० ते ६००० च्या दरम्यानच सोलेनॉइड उघडेल असं लावता येतं. शिवाय ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच चालणारा स्विच, पेट्रोलचा दाब पडला की नायट्रस तोडणारा स्विच आणि हाताचा मुख्य स्विच. चारही एकापाठोपाठ जोडायचे, एक जरी बंद असेल तर माल जायला नको. पण ४००० च्या वर तुमचा टर्बो आधीच भरलेला असतो. मग लॅगचं कारणच उरलं नाही, नुसती वरची ताकद राहिली.

टर्बाईन_तात्या

वाळूजकरांनी पेटीचं सांगितलं, मी आतल्या आगीचं सांगतो.

नायट्रस स्वतः जळत नाही. तो ऑक्सिजनवाहक आहे. वजनाने त्यात ३६ टक्के ऑक्सिजन, हवेत २३. साधारण ३०० अंशांच्या वर तो फुटतो, नायट्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, आणि फुटतानाही उष्णता सोडतो. आता ऑक्सिजन वाढला म्हणजे पेट्रोल वाढवलंच पाहिजे. हवेला पेट्रोल १४.७ ला १ लागतं, नायट्रसला साडेनऊला १. पेट्रोल कमी पडलं तर मिश्रण लीन होतं आणि पिस्टनची कड वितळते. नायट्रसने इंजिन गेलं असं ऐकलं की दहातल्या आठ वेळा दोष गॅसचा नसतो, पेट्रोल कमी पडल्याचा असतो.

वेट किटमध्ये नोझलमधून नायट्रस आणि पेट्रोल सोबत येतं. ड्रायमध्ये नुसता नायट्रस, आणि जादा पेट्रोल ईसीयूने इंजेक्टरमधून द्यायचं. तुमचं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये. त्याचा इनटेक मॅनिफोल्ड हवेच्या हिशेबाने घडवलेला आहे, ओल्या मिश्रणाच्या नाही. वेट लावलं तर पेट्रोल वळणावर साचतं, एका सिलिंडरला जास्त जातं, दुसरा कोरडा राहतो. ड्राय लावलं तर हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर जादा पेट्रोल पुरवू शकतात का, हे लॉग (चालत्या इंजिनाच्या आकड्यांची नोंद) काढून बघावं लागतं. त्याशिवाय ईसीयूमध्ये दुसरा मॅप लिहून घ्यावा लागतो. इग्निशन (ठिणगीची वेळ) दर ५० घोड्यांना दोनेक अंश मागे घ्यायचं हा जुना ठोकताळा. प्लग एक नंबर थंड, गॅप कमी.

नोझल कायम इंटरकूलरच्या नंतर, थ्रॉटल बॉडीच्या वीतभर आधी. वेट नोझल इंटरकूलरच्या आधी कुणी लावायला सांगितलं तर त्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा. इंटरकूलरच्या पोटात पेट्रोल साचतं, एक बॅकफायर झाला की पाईपसकट सगळं बाहेर. असा फाटलेला इंटरकूलर मी पाहिलाय, गाडी कुणाची ते सांगत नाही.

टर्बोवर अजून एक गंमत. नायट्रसने एक्झॉस्ट वाढतं, एक्झॉस्टने टर्बाईन जोरात फिरतं, म्हणजे बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) वाढायला बघतो. वेस्टगेटला (एक्झॉस्ट टर्बाईनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेला) हे जादा एक्झॉस्ट सोडता आलं पाहिजे. नाही जमलं तर तुम्ही ५० मागितले आणि आले ७०. हौशी माणूस यावर खूश होतो. मिस्त्री होत नाही.

परभणी_४४

इतकं सगळं चांगलं लिहायलात सगळे, पण बाटली कुठं ठेवायची हे कुणीच बोलंना. तीच तर खरी गोष्ट आहे.

किटसोबत येणारी इंग्रजी माहितीपत्रकं वाचा. त्यात बाटली गरम करायच्या हीटर ब्लँकेटवर पानंच्या पानं. तिकडं थंडी, बाटली गार पडते, दाब पडतो, म्हणून. आपल्याकडं मे महिन्यात उलटं.

नायट्रस बाटलीत द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो. २० अंशांना सुमारे ५१ बार. ३० अंशांना ६३. किटचे जेट ज्या दाबावर मोजलेले असतात तो ९०० ते १००० पीएसआय, म्हणजे ६२ ते ६९ बार. म्हणजे बाटली तिशीच्या आसपास असली तरच जेटवर लिहिलेला आकडा खरा. ३६.४ अंश हे नायट्रसचं क्रिटिकल तापमान. दाब तिथं ७२ बार, आणि त्याच्या वर द्रव आणि वायू असा भेदच राहात नाही. आता सांगा, परभणीत एप्रिलपासून बाहेर सावलीतच ४० च्या वर असतंय. उन्हात उभ्या गाडीच्या आत ६० सहज. बाटली डिकीत. म्हणजे आपल्याकडं तीन महिने ती बाटली माहितीपत्रकात लिहिलेल्या अवस्थेत राहतच नाही.

व्हायचं काय? थोडी गरम झाली तर दाब वाढला, माल जास्त गेला, पेट्रोल तेवढंच, म्हणजे तात्या म्हणतात तसं लीन. अजून गरम झाली तर दाब भराभर चढतो. सोलेनॉइडला तेवढ्या दाबाविरुद्ध उघडता येत नाही, तो अडकून बसतो. त्याच्याही वर गेलं तर वाल्वमधली सुरक्षा चकती फुटते. ती साधारण ३००० पीएसआयला फुटायला ठेवलेली असते, आणि फुटली की सगळी बाटली काही क्षणात रिकामी. ती चकती कुठं उघडते ते बघा. जालन्याचे जॉकी, तुमच्या ऑक्टाव्हियाची डिकी काचेसकट वर उघडते, बरोबर? म्हणजे डिकी आणि सीट एकाच हवेत. मध्ये पत्रा नाही. चकतीपासून पाईप काढून गाडीच्या खाली नेलाच पाहिजे.

आणि डिसेंबरात परभणीत पारा एक आकड्यावर येतो. तेव्हा सकाळी दाब ४० बारच्या खाली, मिश्रण रिच, धूर आणि अडखळणं. म्हणजे मे मध्ये लीन, डिसेंबरात रिच, आणि जेट तोच. वर्षातले फेब्रुवारी आणि नोव्हेंबर तेवढे नायट्रसचे म्हणा.

काळी_माती

एसीची हवा डिकीत सोडायची मग.

परभणी_४४

हसायलाव, पण लोक ओला टॉवेल गुंडाळतात खरंच. शर्यतीच्या मैदानावर तंबूत बर्फाच्या टबात बाटली ठेवणं वेगळं. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत कायमची बाटली वेगळी. एक मात्र लक्षात ठेवा: बाटली गार असेल तर गॅसचा दिवा, हीटगन असलं काही लावायचं नाही. थर्मोस्टॅट असलेलं ब्लँकेटच. २००७ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातल्या मोहावीच्या वाळवंटात रॉकेटसाठी नायट्रसची नुसती प्रवाहाची चाचणी चालू होती, आग लावलेलीही नव्हती. स्फोटात तीन माणसं गेली. ती टाकी आपल्या बाटलीपेक्षा कितीतरी मोठी, मान्य. पण 'नायट्रस जळत नाही' म्हणजे 'नायट्रस निरुपद्रवी' असं नाही.

जोडांना तेल, ग्रीस काही लावायचं नाही हे पण. ऑक्सिडायझर आणि तेल एकत्र आणायचं नसतं.

भूलवाला

मी भूलतज्ज्ञ आहे, लातूरला. गाडीतलं फार कळत नाही, पण या गॅससोबत रोज बसतो.

१) मूळ लेखात बाटली भरून घेण्याचं विचारलंय आणि मला माहीत आहे पुढचा प्रतिसाद काय येणार: 'दवाखान्याच्या गॅसवाल्याकडून घे'. घेऊ नका. आमच्या निळ्या बाटल्या औषध म्हणून येतात, त्यांची नोंद असते, आणि वाल्ववर ३-५ अशा ठरावीक जागी छिद्रं असतात, म्हणजे दुसऱ्या गॅसच्या जागी ती बसूच नये. तिथून तुमच्या बाटलीत माल उतरवायला कुणीतरी घरगुती ॲडॅप्टर बनवणार. वजन न करता भरणार. नायट्रसची बाटली काठोकाठ भरायची नसते, वर वायूला जागा लागते. जास्त भरलेली बाटली आणि परभणीकरांचं ऊन, पुढचं तुम्हीच जोडा.

२) गेजवर विसंबू नका. बाटलीत थेंबभर द्रव असेपर्यंत दाब तोच राहतो. अर्धी असो, पाव असो, काटा हलत नाही. आम्ही शिल्लक माल वजनावर ओळखतो. तुम्हीही काट्यावर ठेवा.

३) बंद गाडीत गळती झाली तर वास जवळपास येत नाही. हलकी गोडसर चव. गाडी चालवताना डोकं हलकं वाटलं तर काचा उघडा आणि थांबा. अमेरिकेत गाड्यांसाठी विकतात त्या नायट्रसमध्ये मुद्दाम थोडा सल्फर डायऑक्साइड घातलेला असतो, कुणी हुंगू नये म्हणून. दवाखान्याच्या मालात तो नसतो. कॉलेजची पोरं या गॅसच्या नादाला लागल्याच्या बातम्या येतात, म्हणून सांगतो: वारंवार हुंगल्याने शरीरातलं बी-१२ निकामी होतं आणि पाय बधिर होण्यापासून सुरुवात होते.

क्रमांक घातलेत, सवय आहे.

जालन्याचा_जॉकी

डॉक्टरसाहेब, खरंच तोच प्रश्न टाईप करत होतो. पुसला.

आरटीओचा_जावई

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: नोंदणीच्या कागदावर कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली गाडीच्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ वेगळं. बाटली स्वतः गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येते आणि ते बघणारं खातं पेसो, मुख्यालय नागपूरला. अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेअरला डिकीत बाटली दिसली, तर क्लेमचं काय होतं ते मी लिहायची गरज नाही.

मैदानावर चालवायची तर हा सगळा त्रास कमी. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा झाल्यात, तिथं नायट्रसवाल्या गाड्याही पळाल्यात. ट्रेलरवर न्यायची, पळवायची, परत आणायची.

नांदेडी_डिझेल

मध्येच विचारतो, डिझेलला चालतं का हे? आपल्याकडं तर निम्म्या गाड्या डिझेलच.

टर्बाईन_तात्या

चालतं, आणि पेट्रोलपेक्षा सोपं चालतं. रिमॅप केलेलं डिझेल काळा धूर सोडतं म्हणजे आत न जळलेलं इंधन शिल्लक आहे. तिथं ड्राय नायट्रस सोडला की तोच धूर जळून ताकद होतो. अमेरिकेत ट्रॅक्टर पुलिंगच्या आणि पिकअपच्या शर्यतीत वापरतात. पण एक्झॉस्टचं तापमान आणि सिलिंडरमधला दाब बघायला मीटर पाहिजे. आणि बीएस६ गाडीला असलं काही लावू नका, डीपीएफ (धुराचा फिल्टर) आणि सेन्सर ईसीयूला गोंधळात टाकतील. वेगळा धागा काढा, तिथं लिहितो.

मोसमी_वारा

थोडं अवांतर. हे तंत्र टर्बोवाल्यांसाठी नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी जीएम-१ नावाने विमानांच्या इंजिनात नायट्रस सोडला, आणि ती इंजिनं सुपरचार्जरवालीच होती. खूप उंचीवर हवा विरळ, सुपरचार्जर कमी पडतो, तिथं ऑक्सिजन बाटलीतून. ब्रिटिशांनीही काही मॉस्किटो विमानांत वापरला. आपण समुद्रसपाटीपासून पाचसहाशे मीटरवर, आपल्याला विरळ हवेचा नाही, गरम हवेचा त्रास.

वाळूजकर

मोसमी वाऱ्याने शेवटी मुद्द्यावर आणून सोडलं.

बाहेर ४५ अंश. टर्बोने एक बार बूस्ट भरला, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरा. ढोबळ हिशेबाने हवा कॉम्प्रेसरमधून १४० अंशांच्या पुढे बाहेर पडते. तीच हवा बाहेर २० अंश असताना ११० च्या आसपास. आता कंपनीचा इंटरकूलर ती गार करणार कशाने? तर त्याच ४५ अंशांच्या हवेने, आणि तीही एसीच्या कंडेन्सरची ऊब सोबत घेऊन. इनटेक गरम झालं की नॉकिंगच्या (मिश्रण आपोआप भडकण्याच्या) भीतीने ईसीयू इग्निशन मागे घेतो. म्हणजे जालना-संभाजीनगर रोडवर दुपारी तुमची १८० ची गाडी १८० ची नसतेच. आधी हे गेलेले घोडे परत आणा, मग बाटलीतले विकत घ्या.

माझा क्रम असा असेल. पहिलं, बूस्ट लीक बघून घ्या. १० वर्षांच्या गाडीत रबरी नळ्या आणि क्लँप सैल पडलेले असतात, आणि त्यावर नायट्रस लावणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. दुसरं, प्लग आणि कॉइल. तिसरं, ओबीडीला (इंजिनाची माहिती देणाऱ्या सॉकेटला) स्कॅनर लावून दुपारी दोन वाजता एक लॉग काढा आणि पहाटे पाच वाजता एक. इनटेक तापमान आणि इग्निशन करेक्शन शेजारी शेजारी ठेवा. मग मोठा इंटरकूलर. मग हलका रिमॅप, टॉर्क पेटीला झेपेल एवढाच, वरच्या आरपीएमला ताकद वाढवणारा. एवढ्याने भागतंय का बघा.

टर्बाईन_तात्या

इंटरकूलरनंतर वॉटर-मेथनॉल इंजेक्शन घाला त्या यादीत. पाण्याची वाफ होताना हवा गार होते, बाटलीचा दाब, पेसो, भूलवाले डॉक्टर कुणाचाच प्रश्न नाही. फक्त मेथनॉल जपून, विष आहे ते, आणि टाकी बॉनेटखाली एक्झॉस्टजवळ नको. हे संपलं तर गाडी हळू होते, नायट्रससारखं मधेच मिश्रण बिघडत नाही, अर्थात मॅप त्यावर अवलंबून ठेवला नसेल तर.

पेट्रोल बघून टाका. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. इथेनॉल आपल्याच मळीचं, नॉकिंगला चांगलं, पण ई२० ला हवा १४.७ नाही, साडेतेराच्या आसपास लागते. इंजेक्टरला तेवढं जास्त काम. जुना मॅप कुणी कॉपी-पेस्ट करून दिला तर घेऊ नका. १०० ऑक्टेन पुण्यात मिळतं, पण मॅप त्यावर करून घेतला आणि इकडं साधं भरलं तर परत तेच.

जालन्याचा_जॉकी

सगळ्यांचे आभार. बाटली पण वजन करून बघितली मनातल्या मनात: साडेचार किलोची बाटली, ५० च्या जेटवर तीनचार मिनिटं, आणि मग परत भरायला पुणे. डिकी एकाच हवेतली आहे हे परभणीकरांनी सांगेपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं.

नायट्रस आत्ता नाही. कधी आंबी व्हॅलीला गाडी नेली तर तेव्हा बघू, तेही मॅन्युअल पेटीवाल्या गाडीवर. आधी लॉग काढतो. जालन्यात किंवा बदनापूरकडं कुणाकडं बूस्ट लीक टेस्टर आहे का? इथल्या गॅरेजवाल्याने साबणाच्या फेसाने बघतो म्हटलंय.

वाळूजकर

साबणाचा फेस चालतो, पण नळीत दाब भरल्यावर. इंजिन चालू ठेवून फेस लावून काही कळत नाही. माझ्याकडं पीव्हीसी पाईपच्या टोपीत टायरचा वाल्व बसवून केलेला टेस्टर आहे, ऑक्टाव्हियाच्या एअर इनलेटला बसेल. कॉम्प्रेसर पंक्चरवाल्याचा चालेल, एक बारच्या वर भरायचं नाही. रविवारी शेंद्र्याला या, सकाळी लवकर. नऊनंतर बॉनेटला हात लावता येत नाही.

काळी_माती

मी पण येतो. माझी गाडी टर्बो नाही, पण चहा पाजा.